हे लिहू नका, बाई

पहिल्याच दिवशी माझं कूलरशी भांडण झालं.

मे महिना, दुपारचे साडेचार, नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चचा हॉल. खिडक्यांत दोन लोखंडी कूलर, त्यांना नव्या ताट्या बसवलेल्या, ओल्या गवताचा वास हॉलभर. हवा झकास होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. तिसऱ्या रांगेत एक बाई उभी राहून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते आणि समोरच्या टेबलामागे बसलेली माणसं समजुतीने माना डोलावत होती. त्यांनाही ऐकू येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. माझ्यासमोर कोरी वही होती, हातात टोक केलेली पेन्सिल होती आणि त्या सभेचं इतिवृत्त मी लिहायचं असं ठरलं होतं. मी उठले आणि दोन्ही कूलरची बटणं बंद केली.

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करणारी बाई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पन्नास माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. पण मग त्या बाईचा आवाज ऐकू आला. ती तीन घरी धुणीभांडी करत होती आणि एका घरी तिला चार दिवसांच्या सुट्टीचे पैसे कापले होते. नात आजारी होती म्हणून सुट्टी. "मी त्याहीले म्हटलं, माह्या हातानं तुमचं लेकरू वाढलं, आता माही नात बिमार हाय तं चार दिवस जड झाले काय?" एवढंच तिचं म्हणणं होतं. ते सांगायला दोन मिनिटं लागली आणि आम्ही सगळे घामाने निथळलो. तेव्हापासून नियमच पडला: ज्याचा आवाज बारीक, त्याच्या वेळी कूलर बंद. मोठ्या आवाजाची माणसं बोलायला उठली की कोणीतरी आपणहून चालू करतं. त्यांचं नाही ऐकू आलं तरी फार बिघडत नाही, असा माझा आता अनुभव आहे.

मी त्या चर्चची नाही. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली, बौद्ध घरातली. सरकारी कार्यालयात मराठी लघुलेखिका म्हणून नोकरीला लागले, मिनिटाला 120 शब्दांची परीक्षा पास होऊन. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीतून 2020 मध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभसुद्धा झाला नाही, टाळेबंदी होती. त्याच टाळेबंदीत या चर्चच्या हॉलमधून शिधा वाटला जात होता, आणि माझी एक शिक्षिका मैत्रीण, तिथल्या मंडळीतली, यादी लिहायला कोणी मिळेना म्हणून मला घेऊन गेली. यादीत नाव, वस्ती, घरात माणसं किती, एवढंच लिहायचं होतं. पण रांगेतली माणसं तेवढ्यावर थांबत नव्हती. ठेकेदाराने दोन महिन्यांचे पैसे बुडवले, शाळेने पोराला ऑनलाइनच्या गटातून काढलं, हे सगळं यादी लिहिणाऱ्या बाईला ऐकावं लागायचं. पाळकसाहेबांनीही ते ऐकलं. टाळेबंदी संपल्यावर त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी सभा ठेवायला सुरुवात केली. तिला नाव काही नाही. 'दुसऱ्या रविवारची सभा' म्हणतात सगळे.

दारात कोणी "सलाम" म्हणतं, कोणी "जय भीम". मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलाम करतात, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. जन्म नागपुरात आणि सदर घरापासून सायकलच्या अंतरावर! आता मी मैत्रिणीला सलाम म्हणते आणि ती मला जय भीम म्हणते. सुरुवातीला गंमत म्हणून, नंतर सवयीने.

इतिवृत्ताबद्दल थोडं सांगते, कारण आयुष्यभर मी तेच केलं. लघुलेखनात अक्षर लिहीत नाहीत, आवाज लिहितात. पेन्सिल हलकी टेकवली की क, दाबली की ग. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शुद्ध-अशुद्ध नाही. माणूस जसं बोलला तसं कागदावर येतं. बिघडतं ते पुढे, लांब अक्षरात उतरवताना. तिथे सरकारी मराठी येऊन बसते. "माह्या पोराले मारलं" याचं "सदर प्रकरणी मारहाण झाल्याचे निवेदन करण्यात आले" होतं. मारणारा वाक्यातून निघून जातो, पोरगंही जातं, उरतं प्रकरण. आणि 'सविस्तर चर्चा झाली' हे तर माझं ठेवणीतलं वाक्य. सभेत काहीच झालं नाही तरी सविस्तर चर्चा होते आणि फार काही झालं, ते लिहिणं सोयीचं नसलं, तरीही सविस्तर चर्चाच होते. सदतीस वर्षांत मी ते वाक्य किती वेळा लिहिलं असेल, याचा हिशेब नाही.

हॉलमधल्या वहीत मी ते वाक्य लिहायचं नाही असं ठरवलं. पाळलं मात्र सगळ्याच वेळी नाही.

सभांचे विषय काही फार विचार करून ठरत नव्हते. कोणाला काय टोचतंय, त्यावरून ठरायचे. घरकामगार बायांवर तीनदा झाली. महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, हे हॉलमधल्या निम्म्या बायांना माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्यांना नोंदणीसाठी मालकिणीचा कागद मागायची लाज वाटत होती. रेशन कार्डावर झाली, आधारवरच्या चुकलेल्या जन्मतारखेवर झाली. उन्हात काम करणाऱ्यांवर झाली तेव्हा बाहेर इतकं ऊन होतं की ज्यांच्यासाठी सभा ठेवली ते आलेच नाहीत. आम्ही सोळा जण एकमेकांना उन्हाबद्दल सांगत बसलो आणि मंडळींनी केलेलं पन्हं संपवून घरी गेलो.

गटारसफाईची सभा मात्र विसरता येत नाही. एक वकीलबाई आल्या होत्या. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी करणारा कायदा 2013 चा, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1993 पासून गटारात जीव गेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 10 लाख द्या, ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली, असं त्या नीट समजावून सांगत होत्या. मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला एक पोरगा, असेल पंचविशीचा, म्हणाला, "मॅडम, मेल्यावर तीस लाख. बरं हाय. जितेपणी हातमोजे किती रुपयाचे येते जी?" हॉल हसला. तो हसला नाही. वकीलबाईही हसल्या नाहीत. त्यांनी खरंच पर्समधून फोन काढला आणि कोपरापर्यंतच्या रबरी हातमोज्यांची किंमत शोधली. ती त्यांनी मोठ्याने वाचली आणि मी वहीत लिहिली. त्या दिवशीच्या इतिवृत्तात कायद्याच्या कलमांखाली हातमोज्यांची किंमत आहे. कचेरीत असते तर साहेबांनी खोडली असती.

चर्चमध्ये सगळ्यांनाच ही सभा रुचते असं समजू नका. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं स्पष्ट म्हणणं, की रविवारी संध्याकाळी हॉल लग्नाच्या रिसेप्शनला दिला तर भाडं येतं. सभेतून येतो तो चहाचा खर्च. हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, छताची कौलं बदलायची होतीच. दुसऱ्या एकांचं म्हणणं, देवाच्या घरात राजकारण नको. त्यावर पाळकसाहेब म्हणाले, हॉलला देवाचं घर म्हणत असाल तर त्यात रिसेप्शनचं डीजे तरी कसं चालतं? हे मी वहीत लिहिलं नाही, कारण ते सभेत नाही, व्हरांड्यात झालं. पण लिहावंसं फार वाटलं होतं.

या शहरात चर्चचा इतिहास मोठा, आणि तो बहुतेक नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेजपलीकडे माहीत नाही. मलाही नव्हता. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळी चर्चमंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. चाळीस वर्षं ते बाप्तिस्मा केव्हा द्यायचा, बिशप असावा की नसावा, यावर चर्चा करत होते. मैत्रीण हे सांगून वर म्हणते, "सहा चर्च एक झाले गं. पण लग्न जुळवताना आमच्यातही हळूच विचारतातच, 'मूळचे कोण?'" मूळचे कोण. या दोन शब्दांत काय काय बसतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्याच प्रश्नावर ती ऑगस्टची सभा झाली.

2025 मध्ये 10 ऑगस्ट नेमका दुसऱ्या रविवारी आला. या तारखेचं महत्त्व मला मैत्रिणीने त्याच्या आदल्या आठवड्यात सांगितलं. 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद असा, की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. 1956 मध्ये दुरुस्ती होऊन त्यात शीख आले. 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणून दलित ख्रिस्ती माणसं 10 ऑगस्ट हा काळा दिवस पाळतात. गंमत अशी की आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहतो, कारण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. हॉलमध्ये दोन्ही प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसतात, एकाच ताटलीतली बिस्किटं खातात, आणि एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही.

त्या दिवशी पाऊस होता. कूलर बंदच होते, पण कौलांतून दोन ठिकाणी गळत होतं आणि खाली ठेवलेल्या बादल्यांत टपटप चालली होती. तरुण संघातल्या एका मुलीने फळ्यावर तीन साल लिहिली: 1950, 1956, 1990. तिने सांगितलं की रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये अहवाल दिला, त्यात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस होती, आणि आयोगाच्या सदस्य-सचिवांनी त्या मुद्द्यावर विरोधी मत नोंदवलं होतं. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. शिफारस मान्य-अमान्य हा भाग वेगळा, पण विरोधी मत नोंदवलं तरी गेलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याला अशा गोष्टींचं समाधान असतं. पुढे ती म्हणाली, ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदत वाढवली. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिका 2004 पासूनच्या. "मी 2004 ची आहे," ती म्हणाली. "माझं वय आणि केसचं वय सारखं." मग ओढणीने हात पुसत खाली बसली.

फळ्यावरच्या 1956 कडे मी बघत राहिले. आमच्या घरात 1956 चा एकच अर्थ आहे. 14 ऑक्टोबर. बाबा तेव्हा एम्प्रेस मिलमध्ये पाळीवर होते. पांढरं धोतर उसनं आणून ते दीक्षेला गेले, आणि बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. रात्री जेवणं झाली की आम्हा भावंडांना रांगेत बसवून म्हणायला लावायचे. एखादी चुकली की पहिल्यापासून. त्यांतल्या एका प्रतिज्ञेत हिंदू धर्माचा त्याग केल्याचं म्हटलंय. ती म्हणताना त्यांचा आवाज वर चढायचा आणि शेजारच्या घरातला रेडिओ बारीक व्हायचा.

1978 मध्ये दादाने केंद्र सरकारच्या एका नोकरीचा अर्ज आणला. राज्यात नवबौद्धांना सवलत होती, केंद्रात नव्हती. अर्जात जात हवी असेल तर धर्माच्या रकान्यात हिंदू लिहावं लागणार. दोन दिवस अर्ज कपाटावर पडून होता. घरात कोणी त्याच्याबद्दल बोलत नव्हतं, आई केर काढताना कपाटाकडे पाहायचीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, हातपाय धुतले, आणि मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. भर."

मी सोळा वर्षांची होते. नाव भरलं, पत्ता भरला, जन्मतारीख भरली. धर्माच्या रकान्याशी थांबले. बाबा म्हणाले, "लिही." मी लिहिलं. दोनच अक्षरं, मीच लिहिलेली, फार सुबक आली होती. बाबांनी खाली सही केली. मग ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या रात्री प्रतिज्ञा झाल्या नाहीत. दुसऱ्या रात्री झाल्या, पण ती एक ओळ आली तेव्हा आवाज चढला नाही. दादाला नोकरी लागली. तीस वर्षं केली त्याने, घर बांधलं, दोघी धाकट्या बहिणींची लग्नं केली. 1990 मध्ये कायदा बदलला तेव्हा बाबा होते. मी पेपर वाचून दाखवला. ते म्हणाले, "आता तो कागद बदलता येते काय?" मला वाटलं ते दादाच्या नोकरीबद्दल विचारतायत. नंतर कळलं, अर्जाबद्दल विचारत होते.

हे मी हॉलमध्ये सांगितलं नाही. मी तिथे लिहायला बसते, बोलायला नाही.

चहाच्या आधी पाळकसाहेबांनी विचारलं, अजून कोणाला काही सांगायचंय? पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठले. सत्तरीच्या आसपास, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत रबरी बूट, कारण बाहेर पाणी साचलं होतं. मी त्यांना दर सभेत पाहिलं होतं, बोलताना कधीच नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे लिहू नका."

मी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

ते बोलले ते मी इथेही लिहिणार नाही. त्यांची दोन नावं आहेत, एवढंच सांगते. एक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं आणि एक दाखल्यावरचं. अशी दोन नावांची माणसं त्या हॉलमध्ये किती असतील हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी मोजत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला, की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे. त्या निकालानंतर हॉलमध्ये त्या विषयावर आवाज आणखी बारीक झाले होते. कायद्याच्या भाषेत ती फसवणूक असेल, न्यायालयापुढे जे आलं त्यावर न्यायालय बोललं. पण मी त्या गृहस्थांचं ऐकत होते तेव्हा मला 1978 मधला कपाटावरचा अर्ज दिसत होता. त्यांच्या घरात तो कोणी भरला असेल? कोणाचं अक्षर चांगलं होतं?

ते पाच-सात मिनिटं बोलले. अगदी संथ, बादलीतल्या थेंबांसारखं. एका ठिकाणी त्यांनी सांगितलं की मुलाच्या लग्नाची पत्रिका दोन प्रकारची छापली होती. मग खाली बसले आणि रुमालाने बुटांवरचा चिखल पुसू लागले.

मला वाटलं आता शांतता राहील. राहिली नाही. आमच्या इंदोऱ्याकडचा एक कार्यकर्ता उठला, चळवळीत वाढलेला मुलगा, चांगला अभ्यासू. म्हणाला, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे काका, पण जागा तेवढ्याच आहेत. आधीच भरती होत नाही, कंत्राटी चालू आहे, बॅकलॉग पडून आहे. त्यात वाटेकरी वाढले तर आमच्या पोरांनी कुठे जायचं? आणि चर्चने आधी आपल्या शाळा-कॉलेजांत दलित ख्रिस्ती किती शिक्षक नेमलेत ते सांगावं, मग सरकारकडे मागावं.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कोणीतरी म्हणालं, हेच वाक्य तुमच्याबद्दलही 1990 च्या आधी बोललं जात होतं. कोणीतरी म्हणालं, बाबासाहेबांनी धर्म सोडला तेव्हा सवलतीचा विचार केला नव्हता. तो मुलगा म्हणाला, म्हणूनच तर चौतीस वर्षं आम्ही भोगली. मैत्रीण, जी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, "मग ती चौतीस वर्षं कशी गेली ते तुलाच सगळ्यात जास्त माहीत असायला पाहिजे ना रे."

खरं सांगायचं तर माझं मन त्या वेळी एका बाजूला नव्हतं. दादाचा नातू एमपीएससीची तयारी करतोय. तीन वर्षं झाली, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलाय. कटऑफ एका मार्काने हुकला तेव्हा तो आठ दिवस कोणाशी बोलला नाही. 'जागा तेवढ्याच' हे मला आकड्यात नाही, त्याच्या बंद दारात माहीत आहे. त्याच वेळी हेही दिसत होतं, की महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं 2011 च्या जनगणनेत शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, आणि त्यांतले दलित किती, आणि त्यांतले स्पर्धेत किती. पण हिशेब पोटातून कोणी करत नाही. आणि त्या मुलाने चर्चच्या शाळांबद्दल विचारलं, त्याचं उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही. तो प्रश्न मी ठळक अक्षरात लिहिला. पास्टरेट कमिटीतले दोघे होते, त्यांनी तो ऐकला हेही लिहिलं.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा मुद्दा राहूनच गेला. वास्तविक मला तो नोकऱ्यांपेक्षा मोठा वाटतो. 1989 चा तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. ज्याचं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे त्याला जातीवरून शिवी दिली, मारलं, तर देणाऱ्याला त्याची जात बरोबर माहीत असते, आणि पोलीस ठाण्यात ती नसते. याला जागा लागत नाहीत, कटऑफ लागत नाही, वाटेकरी होत नाहीत. फळ्याजवळच्या मुलीच्या कागदावर तो मुद्दा सातवा होता. गलक्यात चौथ्याच्या पुढे कोणी गेलंच नाही. सभा अशाच होतात. महत्त्वाचं असतं ते सातव्या क्रमांकावर असतं आणि सहा वाजता चहा येतो.

चहाच्या रांगेत तो मुलगा आणि ते दोन नावांचे गृहस्थ मागे-पुढे उभे होते. मुलाने त्यांना कप पुढे केला. त्यांनी घेतला. काही बोलले असतील, मी लांब होते. नंतर पाहिलं तर मुलगा त्यांची छत्री उघडून देत होता. तिची एक काडी अडकत होती आणि दोघे मिळून ती ठाकठीक करत होते. यावरून मी काही अर्थ काढत नाही. नागपुरात भांडणानंतर चहा पाजतातच.

घरी येऊन मी वही उघडली. लघुलेखनाची पानं एका बाजूला, लांब अक्षराची दुसऱ्या बाजूला. मुलीचं निवेदन लिहिलं, साल तपासून. कार्यकर्त्याचं म्हणणं लिहिलं, त्याच्याच शब्दांत, 'वाटेकरी' हा शब्द अवतरणात ठेवून. मैत्रिणीचं वाक्य लिहिलं. मधल्या सात मिनिटांचं काय करायचं? 'एका सदस्याने मनोगत व्यक्त केले' असं लिहिलं आणि खोडलं. कोण सदस्य, असं पुढे कोणी विचारलं तर? 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं. तेही खोडलं, इथे तर नाहीच नाही. शेवटी तीन ओळी मोकळ्या सोडल्या आणि पुढचं लिहायला घेतलं. खोडलेलं रबराने नीट पुसून काढलं, तरी पेन्सिलचा दाब कागदावर राहिलाच. उजेडात तिरपं धरलं तर दिसतो.

सप्टेंबरच्या सभेत रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचून दाखवलं. त्या मोकळ्या जागेशी मी थांबले, श्वास घेतला, पुढे गेले. ते पाचव्या रांगेतच होते, या वेळी चपला घालून. वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "काही दुरुस्ती?"

पास्टरेट कमिटीतले भाड्यावरून बोलणारे गृहस्थ उठले. मला वाटलं, शाळांचा प्रश्न काढून टाका म्हणतात की काय. ते म्हणाले, "चहा साठ कप लिहिलाय. बिल त्र्याहत्तरचं आलंय. तेवढं दुरुस्त करा."

मी साठ खोडून त्र्याहत्तर केलं.